एकदाच विणलेलं, जन्मभर पुरवायचं

निंदण-खुरपण उकिडवं बसून, वेचणी वाकून. वर्धा जिल्ह्यातल्या कापसाच्या वावरात बाईमाणसाचं काम असंच चालतं आणि वर्षानुवर्षं चालतं. साठी उलटली की गुडघे कुरकुरू लागतात. मग सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीला हाडांच्या ओपीडीबाहेर अशा आज्या बाकावर बसलेल्या दिसतात. ‘गुडघ्यातलं वंगण संपलं,’ असं त्या सांगतात. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतात, मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली अरुंद झालेली फट दाखवतात आणि म्हणतात, ‘आजी, गादी झिजली.’

ही गादी म्हणजे कूर्चा. हाडांच्या टोकांवर चिकटून बसलेला, साधारण दोन ते चार मिलिमीटर जाडीचा, पांढरट, गुळगुळीत, ओला थर. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. बराचसा भाग पाणीच. उरलेल्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं घट्ट जाळं आणि त्या जाळ्यात पाणी धरून ठेवणारे मोठाले रेणू. पेशी इतक्या विरळ, की त्यांनी व्यापलेली जागा शंभरात जेमतेम दोन भाग भरते. एवढ्याशा थरावर माणूस उभं आयुष्य चालतो, डोंगर चढतो, पोती उचलतो.

या जाळ्यातले धागे किती जुने असतील? कातडी बदलत राहते. तांबड्या रक्तपेशी चार महिन्यांत नव्या येतात. हाडसुद्धा आतून मोडत आणि घडत असतं. कूर्चेचं काय, याचं उत्तर डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मोठ्या विलक्षण वाटेनं काढलं. १९५० आणि १९६० च्या दशकांत खुल्या हवेत अणुबाँबच्या चाचण्या झाल्या आणि त्यांनी हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट केलं. १९६३ च्या करारानंतर ते वर्षागणिक उतरत गेलं. हा कार्बन हवेतून पिकात गेला, पिकातून ताटात आणि ताटातून शरीरात. ज्या वर्षी शरीरात एखादा धागा तयार झाला, त्या वर्षीच्या हवेची खूण त्या धाग्यात राहिली. माणसांच्या गुडघ्यातल्या कूर्चेचं कोलॅजेन वेगळं काढून ही खूण मोजली, तेव्हा ती बालपणाची आणि किशोरवयाची निघाली. जाळं तेव्हा विणून झालं होतं. मोठेपणी त्यात नवा धागा जवळजवळ पडलाच नव्हता. निरोगी गुडघ्यात नाही आणि झिजलेल्या गुडघ्यातही नाही.

म्हणजे आजीच्या गुडघ्यात आज जे जाळं भार पेलतं, ते आजी परकर नेसून शेळ्यांमागे धावत होती त्या काळातलं आहे. त्या वयात तिच्या कूर्चापेशींनी एक जनुक झपाट्यानं वाचलं, त्यातून किती तरी धागा काढला, आणि मग ते वाचन जवळपास थांबवलं. जनुक मात्र कुठं गेलं नाही. ते प्रत्येक पेशीत आजही जसंच्या तसं आहे. ते वाचायचं कुणी, कधी आणि कुठवर, हे ठरतं तरी कसं? शरीरशास्त्रातल्या इतक्या देखण्या गोष्टी मला फार थोड्या ठाऊक आहेत.

तीन पदरांचा पीळ

आधी धागा पाहू. वर्ध्याला चरख्याची आणि सुताची ओळख करून द्यायला नको. एकेरी सूत बोटानं तुटतं. तीन सुतं एकमेकांभोवती पिळली, की तोच कापूस वजन तोलू लागतो. कोलॅजेन हुबेहूब याच रीतीनं बनतं. प्रथिनाच्या तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात. ही रचना उलगडण्यात भारताचा मोठा वाटा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरांवर क्ष-किरण टाकून मिळालेल्या चित्रांचा माग काढला आणि १९५४ साली ‘नेचर’मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढच्याच वर्षी त्यांनी ती सुधारून पिळाची रचना दिली.

या पिळाची एक कडक अट आहे. तिन्ही साखळ्या जिथं एकमेकींना भिडतात तिथं जागा अतिशय अरुंद असते. तिथं मावतं फक्त सर्वांत छोटं अमिनो आम्ल, ग्लायसिन. म्हणून साखळीत दर तिसरी जागा ग्लायसिनची. कूर्चेच्या कोलॅजेनमध्ये हा ठेका तीनशेहून अधिक वेळा, एकदाही न चुकता, येतो. जनुकातलं एकच अक्षर बदलून एखाद्या ग्लायसिनच्या जागी थोरलं अमिनो आम्ल आलं, तर पीळ तिथं सैल पडतो. बाळाचा कणा आणि हातपाय आखूड राहू शकतात. क्वचित बाळ जगतही नाही. हेच कोलॅजेन डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरातही असतं. त्यामुळे त्याच्या जनुकातल्या काही बिघाडांत सांधे लवकर दुखू लागतात, चष्म्याचा नंबर लहानपणीच मोठा होतो आणि डोळ्याचा पडदा सुटण्याची भीती राहते. १९६५ मध्ये नोंदवला गेलेला स्टिकलर सिंड्रोम तो हाच.

पीळ टिकण्यासाठी साखळीतल्या काही जागांवर पेशी एक रासायनिक काम करते. त्याला जीवनसत्त्व क लागतं. ते मिळालं नाही तर पीळ शरीराच्या उष्णतेलाही टिकत नाही, आणि मग हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. आवळ्या-पेरूचं मोल इतकं खोलवरचं आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. कोलॅजेनचं मात्र उलट आहे. उकळलं की आधी पीळ उलगडतो. बकऱ्याच्या पायांचा रस्सा गार झाला की थिजतो, ते उलगडलेलं कोलॅजेनच असतं.

वर्ध्याशी कोलॅजेनचं आणखी एक जुनं नातं आहे. गावाला लागून असलेल्या नालवाडीत १९३० च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. तिथं आपोआप मेलेल्या जनावरांची कातडी कमावली जाई. गांधीजींना या कामाचं मोल फार वाटे, कारण त्यात गावाचा माल गावात राहत होता आणि शिवाशिवीनं बाजूला टाकलेल्या कसबाला मान मिळत होता. कातडं कमावणं म्हणजे रसायनाच्या भाषेत कोलॅजेनचा पीळ पक्का करणं. झाडांच्या सालीतलं टॅनिन धाग्यांना असं जखडतं, की ते कुजत नाहीत आणि पाण्यात विरघळत नाहीत. पण हे कातड्याचं कोलॅजेन आणि कूर्चेचं कोलॅजेन एक नव्हे.

एकाच शरीरातले वेगळे धागे

माणसाच्या शरीरात कोलॅजेनचे २८ प्रकार मोजले गेले आहेत आणि त्यांची चाळीसहून अधिक जनुकं आहेत. कातडी, हाड आणि कंडरा यांत पहिल्या प्रकारचं कोलॅजेन असतं. ते ताण सोसतं. कूर्चेत दुसऱ्या प्रकारचं असतं. ते बारीक जाळं विणतं आणि पाण्यानं फुगू पाहणाऱ्या रेणूंना आत दाबून धरतं. त्या दाबामुळेच गादी गादीसारखी वागते. कूर्चेचं कोलॅजेन वेगळं आहे हे १९६९ साली एडवर्ड मिलर आणि व्हिन्सेंट मटुकास यांनी कोंबडीच्या कूर्चेवरून दाखवून दिलं.

त्याच १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. एमबीबीएसला आलेल्या मुलामुलींना पहिल्याच वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली कूर्चेची काचपट्टी पाहावी लागते. निळसर-जांभळ्या, एकसारख्या दिसणाऱ्या पसाऱ्यात छोटे गोल कप्पे दिसतात आणि त्या कप्प्यांत एकेक, दोन-दोन, कधी चार पेशी. भोवतीचा सगळा पसारा या पेशींनीच निर्माण केलेला. काचपट्टीवर धागे दिसत नाहीत, कारण ते फार बारीक असतात. दिसते ती पेशींची शांत, विखुरलेली वस्ती.

या पेशींच्या केंद्रकात पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनची जनुकं आहेत, दुसऱ्याचं आहे, दहाव्याचंही आहे. रक्ताच्या प्रथिनाचं आहे, पचनरसांची आहेत. यातलं नेमकं कोणतं उघडायचं हे त्या पेशीला गर्भात असतानाच शिकवलेलं असतं.

हातापायांची पहिली रेखा

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना हातापायांच्या जागी नुसते फुगवटे असतात. आतल्या पेशी सैल, एकसारख्या, आणि त्या पहिल्या प्रकारचं कोलॅजेन बनवत असतात. मग काही जागी त्या दाटीवाटीनं एकत्र येतात. जिथं दाटी झाली तिथं उद्याचं हाड. त्या दाटीत एक प्रथिन जागं होतं, त्याचं नाव सॉक्स-९. काही दिवसांत पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनचं काम मागं पडतं, दुसऱ्या प्रकारचं जनुक चालू होतं, आणि आपला अख्खा हात, दंडापासून बोटांपर्यंत, आधी कूर्चेत आखला जातो. हाड नंतर येतं.

सॉक्स-९ हे करतं कसं? दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचं जनुक माणसाच्या बाराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात प्रथिनाची कृती सलग लिहिलेली नाही. ती ५४ तुकड्यांत विभागली आहे आणि मधल्या जागांत प्रथिनात न उतरणारा मजकूर आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला बेनॉइट द क्रॉम्ब्रुग यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या जनुकातल्या पहिल्या मधल्या जागेचा छोटा तुकडा काढला. त्याला जीवाणूचं एक जनुक जोडलं. हे जनुक चालू झालं की पेशी निळी रंगवता येते. हा जोड त्यांनी उंदराच्या गर्भात घातला. गर्भ रंगवल्यावर बरगड्या, कणा, पंजांची बोटं निळी झाली. कातडी नाही, यकृत नाही, स्नायू नाही. नुसता कूर्चेचा सांगाडा निळा! ‘हे फक्त इथंच वाच’ हा आदेश त्या तुकड्यात लिहिलेला होता. काटछाट करत ते अवघ्या ४८ अक्षरांपर्यंत आले. एवढ्याशा तुकड्याच्या काही प्रती शेजारी शेजारी जोडल्या, तरी कूर्चेत काम भागत होतं.

१९९७ मध्ये याच गटातल्या वेरोनिक लेफेव्र आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सॉक्स-९ याच तुकड्यावर बसतं. ते जोडीनं बसतं आणि डीएनएची सरळ दोरी तिथं ठळकपणे वाकवतं. सॉक्स-५ आणि सॉक्स-६ ही दोन प्रथिनं त्याला साथ देतात. वाकलेल्या डीएनएमुळे लांबची प्रथिनं जवळ येतात, जनुकाच्या सुरुवातीला वाचन करणारी यंत्रणा जमते आणि वाचन सुरू होतं. १९९९ मध्ये आणखी स्पष्ट पुरावा मिळाला. उंदराच्या गर्भात काही पेशी सॉक्स-९ नसलेल्या मिसळल्या, तेव्हा त्या कूर्चेत शिरूच शकल्या नाहीत. शेजारच्या पेशी कूर्चा बनवत होत्या आणि या बाहेर राहिल्या.

इथं प्रमाणालाही फार महत्त्व आहे. प्रत्येक पेशीत सॉक्स-९ च्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. १९९४ मध्ये कळलं, की यातली एकच प्रत बिघडली तरी कॅम्पोमेलिक डिस्प्लेशिया हा गंभीर विकार होतो. पायांची लांब हाडं जन्मतःच वाकलेली, छाती अरुंद, श्वास घेणं कठीण. एक प्रत चांगली असूनही निम्मं प्रमाण पुरत नाही. काही बाळांमध्ये तर सॉक्स-९ चं जनुक पूर्ण शाबूत असतं. बिघाड असतो तो त्यापासून दूर, कधी दहा लाख अक्षरांहूनही पलीकडं. तिथं सॉक्स-९ ला कधी जागं व्हायचं हे सांगणारे तुकडे असतात. कोलॅजेनला सॉक्स-९ चालू करतं, सॉक्स-९ ला ते दूरचे तुकडे, आणि त्या तुकड्यांना गर्भातल्या पेशींचे आपसांतले निरोप.

जनुक वाचल्यावरही निर्णय संपत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनच्या संदेशात दुसरा तुकडा ठेवायचा की गाळायचा, हे पेशी आपल्या वयानुसार ठरवते. कूर्चापेशी होऊ घातलेली कोवळी पेशी तो ठेवते. पक्की कूर्चापेशी झाली की गाळते. १९९० मध्ये हे दोन अवतार ओळखले गेले. कोवळ्या अवतारातला जादा तुकडा वाढीचे निरोप पोचवणाऱ्या काही प्रथिनांना धरून ठेवू शकतो. एकाच जनुकाचं एक रूप वाढ सांभाळतं, दुसरं भार.

आकार बदलला की काम बदलतं

कूर्चापेशी तिच्या कप्प्यातून काढून काचेच्या सपाट बशीत वाढवली, तर ती पसरते, चापट होते, आणि काही दिवसांत दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन सोडून पहिल्या प्रकारचं बनवू लागते. १९७७ मध्ये कोंबडीच्या पेशींवर हा बदल बारकाईनं पाहिला गेला. पेशीला कुणी इजा केली नव्हती. तिला फक्त सपाट जमीन मिळाली होती. १९८२ मध्ये बेन्या आणि शाफर यांनी अशा बदललेल्या सशाच्या पेशी अगारोजच्या मऊ जेलमध्ये सोडल्या. तिथं चिकटायला पृष्ठभाग नव्हता. पेशी पुन्हा गोल झाल्या आणि पुन्हा दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन बनवू लागल्या.

पेशीचा आकार जनुकाला काय वाचायचं ते सांगतो, हे मला या विषयातलं सर्वांत थक्क करणारं सत्य वाटतं. पेशी पसरली की तिच्या आतले ताणतंतू आवळतात, तो ताण केंद्रकापर्यंत पोचतो, आणि वाचन बदलतं. हा फक्त कुतूहलाचा भाग नाही. १९९४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या डॉक्टरांनी रुग्णाच्या गुडघ्यातल्या थोड्या कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, परत गुडघ्यातल्या खड्ड्यात भरण्याचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही पद्धत आज अनेक देशांत वापरतात. तिच्यातली मोठी अडचण हीच: बाहेर वाढताना पेशी आपलं कूर्चापण विसरू लागतात. त्यांना ते आठवावं म्हणून जेल आणि त्रिमितीय जाळ्या वापराव्या लागतात.

उंची वाढते ती पट्टी

दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे पाहिला आहे? हाडाच्या टोकाजवळ एक काळी आडवी पट्टी दिसते. नवख्याला तिथं हाड मोडलंसं वाटतं. ती वाढीची पट्टी, डॉक्टरांच्या भाषेत ग्रोथ प्लेट. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही म्हणून तिथं काळं दिसतं. याच पट्ट्या पाहून हाडांचं वय ठरवतात.

ही पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. वरच्या टोकाला विश्रांती घेणाऱ्या छोट्या गोल पेशी. त्यांच्याखाली चपट्या पेशींचे उभे स्तंभ, प्रत्येक पेशी आपल्या खालचीवर नेमकी बसलेली, भराभर विभागणारी आणि दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन सोडणारी. आणखी खाली त्याच पेशी फुगू लागतात, आकारमानात कधी दहापट होतात. उंची वाढण्यात या फुगण्याचा वाटा मोठा. फुगताना त्या पुन्हा धागा बदलतात. सॉक्स-९ ओसरतं, रनएक्स-२ आणि एमईएफ-२सी ही प्रथिनं पुढं येतात आणि दहाव्या प्रकारच्या कोलॅजेनचं जनुक चालू करतात. हे कोलॅजेन या फुगलेल्या पेशींची खास खूण आहे. मग आसपास कॅल्शियम साचतं, रक्तवाहिन्या आत घुसतात, जाळं कापलं जातं, आणि तिथं हाड उभं राहतं. या फुगलेल्या पेशी मरतात असं वर्षानुवर्षं शिकवलं जाई. २०१४ मध्ये उंदरांत पेशींना कायमची खूण लावून पाहिलं, तेव्हा त्यांतल्या काही चक्क हाडपेशी झालेल्या आढळल्या.

सगळ्या पेशी एकदम फुगल्या तर पट्टी संपेल आणि उंची तिथंच थांबेल. कुणीच फुगलं नाही तर हाड वाढणारच नाही. हा तोल दोन निरोपांवर चालतो, हे १९९६ मध्ये उलगडलं. फुगायला निघालेल्या पेशी इंडियन हेजहॉग नावाचा निरोप वर पाठवतात. त्याच्या उत्तरादाखल हाडाच्या टोकाकडून पीटीएचआरपी हा दुसरा निरोप खाली येतो: थांबा, अजून विभागत राहा. जितक्या पेशी फुगायला निघतात, तितका थांबण्याचा निरोप वाढतो. त्या निरोपापासून दूर सरकलेल्या पेशीच पुढच्या टप्प्यात जातात. मूल वाढतं तेव्हा ही देवाणघेवाण वर्षानुवर्षं अखंड चालू असते, मुलाच्या झोपेतसुद्धा.

आणखी एक लगाम एफजीएफआर-३ या प्रथिनाचा. तो वाढीला आवर घालतो. १९९४ मध्ये दिसलं, की अकाँड्रोप्लेशिया या विकारात, ज्यात हातपाय आखूड राहतात, याच जनुकात बदल असतो. जवळजवळ प्रत्येक रुग्णात तोच एक ठरावीक बदल, आणि त्यामुळे लगाम कायमचा ओढलेला. यंत्रणा कळली म्हणून औषधाची दिशा सापडली. तो लगाम सैल करणाऱ्या व्होसोरिटाइड या इंजेक्शनला २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली.

वयात येताना इस्ट्रोजेन वाढतं आणि वाढीची पट्टी हळूहळू संपते. मुलग्यांमध्येही हे काम इस्ट्रोजेनच करतं. काळी पट्टी पांढऱ्या हाडात मिसळून जाते आणि उंची ठरते.

सांध्यातल्या पेशी का थांबतात

हाडाच्या आतली कूर्चा हाड होऊन जाते, मग सांध्याच्या टोकावरची तशीच का राहते? दोन्ही एकाच दाटीतून आलेल्या, दोन्हींत सॉक्स-९, दोन्हींत दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन. एक दहाव्या प्रकाराकडे जाते, दुसरी सत्तर-ऐंशी वर्षं नकार देते.

या प्रश्नावर भारतात मोलाचं काम झालं आहे. आयआयटी कानपूरमध्ये अमिताभ बंद्योपाध्याय यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं, की बीएमपी नावाच्या निरोपाला सांध्याच्या जागेतून काटेकोरपणे दूर ठेवलं जातं. तो जिथं पोचतो तिथली कूर्चा हाडाच्या वाटेनं जाते. जिथं अडवला जातो तिथं सांध्याची टिकाऊ कूर्चा बनते. २०१८ मध्ये त्यांनी डब्लिनच्या संशोधकांबरोबर पुढचं पाऊल टाकलं. अंड्यातल्या कोंबडीच्या पिल्लाची हालचाल औषधानं थांबवली. निरोपाची सीमा ढासळली, बीएमपी सांध्याच्या जागेत पसरला, आणि तिथल्या पेशी सांध्याची कूर्चा होण्याऐवजी हाडाच्या वाटेला लागल्या.

माणसाचं बाळ गर्भात आठव्या आठवड्याच्या सुमारास हलू लागतं. आईला ते जाणवायला आणखी दोन-अडीच महिने जातात. पिल्लावरचा प्रयोग सांगतो, की अंड्यातली ती चुळबुळ स्नायूंच्या सरावापुरती नसते. सांध्यातल्या पेशींनी कोणती कूर्चा व्हायचं, हे ठरण्यात तिचा हात असतो. पेशीभोवतीची दाटी, पेशीचा आकार, शेजाऱ्याचा निरोप आणि शरीराची हालचाल, या सगळ्यांतून एका जनुकाचं वाचन ठरतं.

आता झिजलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, की ‘वंगण संपलं’ ही समजूत अपुरी वाटते. झीज लागलेल्या कूर्चेतल्या पेशी तपासल्या, तर त्यांतल्या काही दहाव्या प्रकारचं कोलॅजेन बनवताना सापडतात. रनएक्स-२ वाढलेलं असतं. एमएमपी-१३ हे कात्रीसारखं प्रथिनही वाढलेलं असतं, आणि ते दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनचा पीळ कापतं. वाढत्या मुलाच्या हाडात जो कार्यक्रम चालतो, त्याचेच तुकडे म्हातारपणी सांध्यात, नको त्या जागी, पुन्हा चालू झालेले असतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात मोहन वाणी यांच्या गटानं २०१६ मध्ये दाखवलं, की इंटरल्यूकिन-३ हे प्रथिन अशा कापणाऱ्या प्रथिनांना आवर घालतं आणि उंदरांमध्ये सांध्याची झीज कमी करतं. उंदरापासून माणसापर्यंत वाट लांब आहे. पण नेमकं काय थांबवायचं आहे, हे आता दिसू लागलं आहे.

म्हणून बाजारातल्या कोलॅजेनच्या पावडरी पाहून मला वाटतं, की लोकांना मूळ गोष्ट कुणीतरी नीट समजावून सांगायला हवी. खाल्लेलं कोलॅजेन पोटात पचतं, त्याचे तुकडे होतात. ते जसंच्या तसं गुडघ्यात जाऊन विणलं जात नाही. डाळ, अंडी, दूध, आवळा यांतून धाग्याचा कच्चा माल रोजच मिळतो. कमी असते ती वाचनाची आज्ञा, आणि जाळं एकदा पूर्ण झालं की नवा धागा त्यात बसवण्याची सोय. आहे ते जाळं जपणं आज आपल्या हातात आहे. वजन आटोक्यात ठेवणं, मांडीचे स्नायू बळकट करणं, तासन्‌तास उकिडवं बसण्याऐवजी लांब दांड्याची अवजारं वापरणं, हे उपाय साधे असले तरी त्यांच्यामागं हे सगळं शास्त्र उभं आहे. आणि मुलांच्या वाढीची वर्षं पोटभर सकस खाण्याची असावीत, हेही त्यातच आलं, कारण ते विणकाम दुसऱ्यांदा होत नाही.

मला आशा वाटते ती एका उलट्या गोष्टीमुळे. सत्तरीतल्या सांध्यातली पेशी बालपणीचा कार्यक्रम पुन्हा चालू करू शकते, भले तो चुकीच्या जागी आणि चुकीच्या क्रमानं का असेना. याचा अर्थ तिची वाचण्याची क्षमता मेलेली नाही. अगारोजच्या जेलमध्ये सशाच्या पेशींनी आपलं विसरलेलं काम पुन्हा धरलं होतं. तेव्हा माणसाच्या गुडघ्यातल्या पेशीला दहावा प्रकार सोडून दुसऱ्याकडे वळवणं हे अशक्य कोटीतलं काम राहिलेलं नाही. ते अवघड आहे, आणि ते करण्याजोगं आहे.